मामांनी उलटवलेल्या गाड्या

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं, की मामा आधी त्याचं ऐकायचे. लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कोणी सल्ला द्यायला लागलं, की नुसता डावा हात वर. "बोलू द्या त्याला. कुठं अडलाय ते तोच सांगंल."

जीपचं इंजिन असो, कचेरीतला पंखा असो, नाहीतर पाण्याची मोटर. एकदा साहेबांचं पोट बिघडलं होतं, तेव्हा मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बंगल्यावर निघालेत अशी आवई आम्हीच उठवली होती.

मामा म्हणजे जव्हारच्या आमच्या सरकारी कचेरीचे जीपचालक. मूळचे सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचे, राहायला कचेरीच्या मागच्या क्वार्टरमध्ये. मी तिथं कनिष्ठ लिपिक होतो. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी ते मला भाऊसाहेबच म्हणायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या रजेच्या दिवशी काहीच धड चालत नाही. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मला ते साहेबांच्या जीपवर बसलेले आठवत नाहीत. एका लाकडी चौकटीवर बसून पडद्यावरची गाडी चालवणारे मामा आठवतात, आणि तीही धडाधड आपटणारे.

हे नवल वाटावं म्हणून त्यांचं खरं चालवणं सांगायला हवं. इतकी वर्षं घाटात, चिखलात, वांगणीच्या त्या हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यावर गाडी घातली, पण जीपवर ओरखडा नाही. त्यांचा एक नेम होता. आपण उतरत असलो आणि समोरून कोणी चढत असलं, की लांबूनच कडेला थांबायचं. मग तो ट्रक असो की बैलगाडी. आत साहेब चुळबुळायचे, "मामा, मीटिंग आहे हो." मामा शांत. "भरून चढतोय साहेब तो. त्याचा जोर मोडला तर परत नाय धरत."

अशा माणसाची धाकटी मुलगी, वनिता, गाडीतच बसेनाशी झाली.

झालं असं, की ती मावशीबरोबर खोडाळ्याच्या बाजारातून येत होती. खच्चून भरलेली प्रवासी जीप एका वळणावर उलटली. कोणी दगावलं नाही. वनिताच्या खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलंही. पण त्यानंतर नुसतं इंजिन सुरू झालं तरी पोर पांढरीफटक पडायची. वर्षभर ती जाईल तिथं पायी गेली. जीपवाल्याची पोर पायी फिरते म्हणून लोक हसले, तेही मामांनी गिळलं. पण त्या वर्षी ती नाशिकच्या एका निवासी शाळेची परीक्षा पास झाली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. नाशिक काही पायी जाण्यासारखं नव्हे. मामी म्हणायच्या, हातपाय बांधून नेऊ. मामा म्हणायचे, "बांधून नेली तर शाळेत काय शिकंल ती? भ्यायलाच शिकंल."

एकदा दुपारच्या सुट्टीत मी कचेरीच्या संगणकावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत होतो. सरकारी वेळेचा हा अपव्यय मी कबूल करतो, पण त्याचं फळ पुढे ऐका. वनिता बापाचा डबा घेऊन आली आणि खिडकीशी थबकली. पडद्यावर वळण आलं, की ती त्या बाजूला झुकत होती. घाबरलेली नव्हती. मामा पडद्याकडे बघतच नव्हते, ते तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. "भाऊसाहेब, असली गाडी घरी बांधता येईल का? बटणांची नको. चाक पाहिजे, पायडल पाहिजे."

तेव्हा सरकारी कचेऱ्यांतले पहिले संगणक नुकतेच म्हातारे व्हायला लागले होते. आमचे तीन निर्लेखित होऊन भंगारात निघाले. लिलावात लोखंडी कपाटावर उड्या पडल्या, संगणकांना कोणी विचारेना. मामांनी ते घेतले. तिन्हींचं मिळून एक यंत्र करायचं ठरलं. आतली अक्कल माझी, बाकी सगळं त्यांचं. मामांनी तिन्ही खोक्यांना स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं आणि एक बाजूला सारलं. "हा दमलाय." नंतर तपासलं तर खरंच त्याची हार्ड डिस्क गेलेली. मी संगणकाचा कोर्स केलेला माणूस, निमूट पुढच्या खोक्याचे स्क्रू काढू लागलो.

चाक मोडीत निघालेल्या जीपचं. नाशिकहून मी एक स्वस्तातली जॉयस्टिक आणली. मामांनी ती पहिल्याच मिनिटाला उघडली आणि हसले. "ह्यात तर रेडिओचा व्हॉल्यूम हाय!" रेडिओच्या व्हॉल्यूमसारखी फिरणारी ती खुंटी त्यांनी चाकाच्या दांड्याला जोडली. चाक वळवून सोडलं की मध्यावर यावं म्हणून ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. पायडलांना सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा. ऐनाच्या फळ्यांच्या चौकटीवर जीपची फाटकी सीट. सगळं घट्ट बसल्यावर मामांनी मुद्दाम चाकात दोन बोटं ढील ठेवली. मी म्हटलं, "अहो, हे कशाला?" तर म्हणाले, "इतकं ढिलं नसंल तर तिला ही गाडी वाटायची नाय."

आणि मग त्यांनी हॉर्न लावला. खेळात हॉर्नची सोय नव्हती, असं मी सांगून थकलो. "हॉर्न नाय तर वळणावर जायचं कसं?" म्हणून त्यांनी सरळ त्याच मोडीतल्या जीपच्या बॅटरीवर चालणारा खराखुरा हॉर्न चौकटीला ठोकला. पहिल्या दिवशी मामांनी पडद्यावरच्या पहिल्या वळणाला तो दाबला मात्र, पुढच्या कचेरीत पळापळ. विड्या विझल्या, पत्ते टेबलाच्या खणात गेले, झोपलेले हेडक्लार्क फाईल उलटी धरून बसले. साहेबांच्या जीपचा हॉर्न! त्या आठवड्यात आमच्या कचेरीचं जेवढं काम उरकलं, तेवढं एरवी महिन्यात होत नसे.

वनिता बसली. पाय पायडलला पुरेनात म्हणून मामांनी त्यावर लाकडाचे ठोकळे बसवले. ती हळूहळू चालवायची. चढ आला, की दुसऱ्या गाड्यांना वाट द्यायची आणि दर वेळी शेवटची यायची. मामा खूश. "नंबर कोणाला पाहिजे? पोचली ना?"

चौथ्या दिवशी मात्र कडा आला आणि तिची गाडी उलटली. पडद्यावर आभाळ खाली गेलं, रस्ता वर आला. वनिताने किंकाळी फोडली आणि चौकटीवरून उडी टाकून ती बाहेर पळाली. नंतर त्या खोलीत यायलाच तयार नाही. मला अपराधी वाटलं. बरी होत आलेली जखम आपणच उघडी केली, असं मी मामांना म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्वार्टरवर गेलो. मामा स्वतः सीटवर. दार सताड उघडं. ओट्यावर वनिता पाठ करून जेवणाचे डबे घासत बसलेली. मामांनी गाडी सोडली, वेग घेतला आणि सरळ कड्यात घातली. गाडी उलटली. खेळाने ती पुन्हा उभी केली. मामांनी ती भिंतीवर घातली. पुन्हा उभी. पुन्हा दरीत.

"मामा, नीट चालवा की," मी म्हटलं.

"उलटू द्या," ते हलकेच म्हणाले. कपाळावर घाम होता. जन्मात जी गोष्ट हाताने होऊ दिली नाही, ती ते पोटच्या पोरीसमोर मुद्दाम करत होते, आणि त्यांना ते सोसत नव्हतं. प्रत्येक आपटीला त्यांचे डोळे मिटत होते. माणसाच्या हुशारीचं कौतुक मी पुष्कळदा केलं आहे. पण त्या दुपारी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलो नाही याची आजही हळहळ आहे.

किती गाड्या उलटल्या कोण जाणे. अखेर ओट्यावरून आवाज आला. "बाबा, बिरेक आधी मार ना. वळणात मारून काय होतं?"

"कवा मारायचा? मना नाय समजत."

ती उठून आत आली. थोडा वेळ मागे उभी राहिली. मग म्हणाली, "सरक."

त्यानंतरही तिच्या गाड्या उलटल्या. उलटली की मामा यंत्र थांबवायला लावायचे. खाली उतर, पाणी पी, मग बस. खेळाने गाडी चटकन उभी केलेली त्यांना मान्य नव्हती. मे महिना असाच गेला. वीज गेली, की बापलेक अंधारल्या पडद्यासमोर बसून ती कधी येते याची वाट बघायचे.

जूनमध्ये ती जायची वेळ आली. सरकारी जीप घरच्या कामाला वापरणं मामांना मंजूर नव्हतं, त्यामुळे एसटी. मलाही मोखाड्याला काम होतं, मी त्याच गाडीत मागच्या बाकावर होतो. स्टँडवर इंजिन सुरू झालं तेव्हा वनिता पायरीशी थांबली. मामा तिला चल म्हणाले नाहीत, हातही धरला नाही. कंडक्टर खेकसला. तिने ट्रंक आत ढकलली, चढली आणि थेट पुढे, जिथून रस्ता दिसतो, त्या बाकावर जाऊन बसली. मामा तिच्या शेजारी.

घाट लागला. मी मान उंच करून तिच्याकडे बघत होतो. पोरीने समोरचा दांडा घट्ट पकडला होता, ओठ आवळलेले, नजर रस्त्यावर. वळण आलं की ती आधीच झुकायची. मला हायसं वाटलं आणि मग माझं मामांकडे लक्ष गेलं.

इतक्या वर्षांत ते कधी दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसले नसावेत. चेहरा राखेसारखा. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय एसटीच्या पत्र्यावर दाबला जात होता, जिथं ब्रेक नव्हता तिथं. पोरीची जीप उलटली त्या दिवसापासून ते स्वतः किती भ्यालेले होते, हे आम्हा कोणालाच कळलं नव्हतं.

वनिताने ते पाहिलं. दांड्यावरचा एक हात सोडून तिने तो त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, तू नको दाबू," ती म्हणाली. "डायवरला दिसतंय वळण."

मामांनी पाय उचलून घेतला.