खांब कंपनीचा, रस्ता गावाचा

आमच्या गावाला वीज पुरवणारी कंपनी खासगी होती. तिच्या परवान्याची मुदत संपत आली तेव्हा नगरपालिकेने ठराव केला, की इथून पुढे वीज गावच चालवणार. परवान्यात तसा हक्क होता. कंपनीने ठराव धुडकावला आणि आम्ही सोलापूरच्या कोर्टात दावा लावला. आम्ही म्हणजे नगरपालिका. मी तिथली एकमेव बाई सभासद, घरचं किराणा दुकान सांभाळणारी.

दावा लागला आणि रस्त्यावरचे दिवे जायला लागले. आधी बाजारपेठेतले, मग मशिदीजवळचे. गेलेला दिवा कंपनी बदलेना. विचारायला गेलो तर मॅनेजर म्हणाला, "दावा मागे घ्या. आठवड्यात सगळं गाव उजळून देतो."

आमचे नगराध्यक्ष ट्रकचा धंदा करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. खुर्चीतून उठत ते म्हणाले, "अंधारात राहू, मगर दावा राहणार."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "चाचा, अंधारात तरी का राहायचं?"

त्याच संध्याकाळी मी दुकानातली गॅसबत्ती पेटवली, स्टुलावर चढले आणि दारासमोरच्या खांबाला टांगली. पलीकडचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. मग त्यानेही आपला कंदील आणला. बघता बघता पेठेतल्या खांबाखांबाला कंदील लागले. कंपनीची माणसं ते काढून नेत, लोक दुसरे लावत. शेवटी कंपनीने त्याच दाव्यात अर्ज केला, की खांबांना हात लावायला यांना मनाई करा. अर्जात पहिलं नाव माझं.

साक्षीला बोलावणं आलं तशा सासूबाई घाबरल्या. एरवी मराठी बोलणाऱ्या त्या एकदम कानडीवर आल्या. "होगब्याड," म्हणाल्या. जाऊ नकोस.

मी गेले. पदर खोचून पिंजऱ्यात उभी राहिले.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "खांब कोणाचा आहे, बाई?"

"कंपनीचा."

"कंदील लावायला परवानगी घेतली होती?"

"न्हाई."

तो न्यायाधीशांकडे वळून हसला. माझं बोलणं संपलं नव्हतं.

"खांब कंपनीचा हाय. पर उभा हाय गावच्या रस्त्यावर, आन् उभा केलाय दिवा लावायला. तुमी लावंना, म्हणून मी लावला."

"हे नवऱ्याने पढवलं का?"

"त्यांनाच इचारा की. तितं मागं बसल्यात. रोज म्हणत होते, कंदील काढ म्हणून."

मागची बाकं हसली. नवरा मान खाली घालून बसला, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं.

कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत रस्त्यावरचे दिवे चालू ठेवा, असा हुकूम झाला. गावात दिवे लागले. मूळ दावा मात्र रेंगाळत राहिला आणि निकालाआधीच सरकारने सगळी वीजव्यवस्था आपल्याकडे घेतली. कंपनी गेली, गावालाही काही मिळालं नाही.

नगरपालिकेच्या सभेत एक सभासद म्हणाले, "उगीच भांडलो आपण."

"उगीच न्हाई," मी म्हटलं. "गावची वीज गावाकडं द्या म्हणून आता सरकारकडं मागायचं."

चाचांनी तो विषय पुढच्या सभेला घेतला. सरकारने नकार कळवला. आम्ही पुन्हा मागितलं.