मा चोचं सेवापुस्तक

दॉ न्युंत यी बाईंच्या दप्तरखान्यात माणसांची कागदपत्रं फारशी उरलीच नव्हती. ती पुरानं आणि वाळवीनं केव्हाच वाटून घेतली होती. राहिली होती ती हत्तींची. इरावतीकाठच्या त्या सागवान कचेरीत ओंडके ओढणारा हत्ती म्हणजे सरकारी नोकर. त्याला क्रमांक, हजेरी, उन्हाळी रजा आणि वय झालं की निवृत्ती. तीस वर्षं ही सेवापुस्तकं झाडता-पुसता बाईंना त्यांचं वेडच लागलं होतं. ‘साहेबांची टोपी खाल्ली. ताकीद दिली.’ ‘लंगडण्याचे सोंग करतो. वैद्याची पाठ फिरताच नीट चालतो.’ दुपारी लाफे, म्हणजे मुरवलेली चहाची पानं, चघळत बाई एकट्याच खुदुखुदू हसायच्या. नव्या साहेबांनी ही पुस्तकं रद्दीत काढायला सांगितली, तेव्हा बाईंनी सहा महिने ऐकूच न आल्यासारखं केलं.

अशात टोपल्या विणणारा को लुन माँग रडकुंडीला येऊन दारात उभा राहिला. मंडालेला त्याच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आठवड्यावर आलेलं, तिला आई नाही, आणि ओळखपत्राशिवाय ह्याला बोटीचं तिकीट मिळेना.

“जन्माचा दाखला गाव जळलं तेव्हाच गेला, दॉदॉ. समोरच्या ओळखपत्रांच्या कचेरीतले साहेब म्हणतात, मग जन्माच्या वेळी हजर असलेला सरकारी नोकर आण साक्षीला. जंगलातल्या तळावर झालो मी! कुठला नोकर आणू?”

“वय किती तुझं? आणि बाप काय करायचा?”

“अडतीस. बाप माहूत, मा चो हत्तिणीवर. आई सांगायची, तू झालास तेव्हा मा चो दारात उभी होती. थापा, दुसरं काय!”

बाई ताडकन उठल्या. कपाटातून पुस्तक काढलं, अडतीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

‘दोन दिवस कामास नकार. कारण : माहुताच्या पत्नीची प्रसूती. झोपडीपुढून हलत नाही. ११ नोव्हेंबर, पहाटे मुलगा झाला. मूल दाखवले. सोंडेने हुंगले. कामावर रुजू. रजा मंजूर.’

अख्ख्या देशात या पोराच्या जन्माची दुसरी नोंद उरली नव्हती, आणि हत्तिणीची गैरहजेरी समजावून सांगायला कुणा कारकुनानं ती वेळेसकट लिहून ठेवली होती!

लुन माँग त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवत राहिला. “म्हणजे आई खरंच सांगत होती,” तो पुटपुटला.

समोरच्या कचेरीतले साहेब आधी खो खो हसले. “जनावर साक्षीदार? चेष्टा करताय का, दॉदॉ?”

“नियम तुमचाच. हजर असलेला सरकारी नोकर. हा तिचा क्रमांक, ही हजेरी.”

साहेबांनी ती नोंद वाचली, मग पुन्हा वाचली. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“आहे का ही अजून?”

“आहे की. निवृत्त झाली. पलीकडच्या तळावर असते.”

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. साक्षीदाराच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘मा चो, हत्तीण, सरकारी नोकर, निवृत्त.’ शिक्का उचलला, थांबले, आणि पुढे आणखी एक शब्द जोडला : ‘हयात.’