धारचा रस्ता आणि कुंकवाचं बोट

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. माझी जी फजिती झाली ती ऐकून कोणी दात काढले, तर हातातला चहा परत घेईन!

आमच्या देवासहून बागली-सतवासच्या खेड्यांकडे गेलं की मोबाइलचं नेटवर्क गायब. म्हणून म्हटलं, गाडीत लावायचं ते रस्ता सांगणारं जीपीएस यंत्रच घ्यावं. देवासच्या दुकानात चार यंत्रं होती. चौघांनाही मी एकच विचारलं, धारला कसं जायचं? पहिली तीन ढिम्म!

दुकानदार म्हणाला, "साब, छत के नीचे सिग्नल नहीं पकड़ता. बाहर चलो."

बाहेर कशाला? रस्ता माहीत असेल त्याला आत बसून सांगता येत नाही? चौथं मात्र घडाघडा बोलत थेट धारला पोचलं. तेच घेतलं. वर बजावलं, "भिया, अब इसको कुछ छेड़ना मत. ऐसाइच दो."

घरी बायकोने नव्या वस्तूला कुंकवाचं बोट लावलं, बरोब्बर काचेच्या कोपऱ्यात. म्हणाली, "अहो, धारला पोचेपर्यंत पुसायचं नाही हं!"

धारला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. अकराचा मुहूर्त, आणि नवरदेवाची अंगठी माझ्या खिशात!

इंदूर मागे टाकलं आणि यंत्र म्हणालं, उजवीकडे वळा. बायको म्हणाली, "अहो, इथे रस्ता कुठाय?" मी म्हटलं, "तुला जास्त कळतं का त्याला?" आणि वळवली गाडी. धाडधाड आपटत थांबलो, तर यंत्र म्हणतं, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, कुठे आहेस रे?"

"पोचलो!" मी ठणकावून सांगितलं.

फोन ठेवून बाहेर बघतो तर समोर म्हैस. मागून एक पागोटेवाले काका धावत आले. "कां जाई रिया हो, भिया?" मी म्हटलं, "धार!" "धार तो अबी घणी दूर हे! यो तो म्हारो खेत हे!"

आता सांगा, संताप येईल की नाही? तिकडे माझ्या 'पोचलो'वर विसंबून गुरुजींसकट सगळी मंडळी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. मी उगवलो तासाभराने. मुहूर्त टळला, गुरुजींनी पंचांगातून दुसरा शोधून काढला. अंगठी दिली आणि मी यंत्र बहिणीच्या व्याह्यांच्या हातात आदळलं. "बघा ही लुबाडणूक! त्या दुकानदाराला कोर्टात खेचतो!"

व्याह्यांनी शांतपणे अंगठ्याने कुंकू पुसलं. खाली लिहिलं होतं, 'डेमो'.

"मामासाहेब, हा दुकानात दाखवायचा लुटुपुटूचा प्रवास. गाडी घरासमोर उभी असली तरी हे धारला पोचणारच."

मी बायकोकडे डोळे वटारले. तिने माझ्याकडे. शेवटी बहीणच सावरून घ्यायला पुढे आली.

"अय्या, यांची ओळख करून द्यायची राहिलीच की! हे आमचे दादा. देवासला पस्तीस वर्षं भूगोल शिकवत होते."