ऊलाँगवाले दामलेकाका

दामलेकाका पहिला चहा पाहुण्याला देत नसत, सिंकमध्ये ओतत. सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून गाड्या बदलत मी पहिल्यांदा सेम्बावांगला त्यांच्या फ्लॅटवर पोचले, तेव्हा माझ्यादेखत त्यांनी तो ओतला आणि म्हणाले, "हे पाणी पानांना जागं करायला. तुला नाही."

मग दुसरं पाणी, घड्याळ लावून वीस सेकंद. त्यातून भातुकलीतल्या कपात दोन घोट मिळत. त्याच पानांवर सहा-सात वेळा उकळतं पाणी पडे आणि दर वेळी माझी तोंडी परीक्षा होई.

"काय लागतं?"

"गरम लागतं."

"अगं, आधी फुलांचा वास, मग भाजल्याचा, शेवटी गोडवा. जहाजाचं इंजिन आणि हा चिनी ऊलाँग चहा, दोघांना घाई खपत नाही. तुम्हा आयटीवाल्यांना काय कळणार!" काका जहाजावरचे चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते, त्यांच्या आवाजाला हे अजून कळलं नसावं. साखर मागणाऱ्या एका बँक मॅनेजरला त्यांनी अत्यंत आदराने लिफ्टपर्यंत पोचवलं होतं.

मुठीएवढी मातीची किटली सुनंदाकाकूंनी घेतलेली. काकू गेल्या, किटली राहिली. तिच्यात एकाच प्रकारचा चहा करायचा आणि नुसत्या गरम पाण्याने विसळायची, कारण माती चहा पिते म्हणे. चौदा वर्षांच्या आयुष्यात तिला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त मिळाला होता.

पुण्याहून माझी आई आली, तिलाही हा प्रसाद दिला. नंतर काका आत फोनवर बोलत होते आणि मी बाल्कनीतले वाळलेले कपडे काढत होते, तेवढ्यात चांगल्या पाहुणीसारखी आईने भांडी घासली. किटलीचा काळा थर निघेना, म्हणून लिंबाचा साबण आणि तारेची घासणी.

"केवढी कळकट होती गं!" ती म्हणाली.

काका आले. किटली नाकाशी नेली. आता आईलाही लिफ्ट, मी मनात म्हटलं.

"वा, वहिनी! नवी केलीत की," काका म्हणाले आणि त्यांनी पाणी ठेवलं. तो चहा मी प्यायले आहे. भांड्यांचा साबण बरा. काकांनी आईसमोर पाच वेळा पाणी घातलं आणि पाचही कप हसत संपवले.

आई चपला घालायला बाहेर गेल्यावर मी माफी मागू लागले.

"गप्प! तिला सांगितलंस तर याद राख," ते म्हणाले. "सुनंदा गेल्यापासून या घरातलं भांडं दुसऱ्या कोणी घासलं नव्हतं गं."

पुढच्या रविवारपासून काका किटली नव्याने मुरवायला लागले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आणखी चौदा वर्षांचा बेत आखला, मिळाली दोन. आईला मी अजून सांगितलेलं नाही.