पेणची कॅसेट, रोह्याची कॅसेट

आमच्या रोह्याच्या घरामागे एक गॅरेज आहे. त्याच्या निळ्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं ‘उधाण’ हे नाव अजून वाचता येतं. डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, वारल्यावर मी त्यांची गाडी विकली आणि गॅरेज रिकामं पडलं. त्याच सुमारास एका सकाळी जनू म्हात्रे दारात येऊन उभा राहिला. अंगात कंपनीचे खाकी कपडे होते आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेली गिटार.

“काकी, तालमीला जागा पायजे. थोडा आवाज होईल.”

“थोडा म्हणजे किती?”

त्याने जरा विचार केला. “खोटं कशाला बोलू. बराच होईल.”

या उत्तरावर मी त्याला किल्ली दिली.

जनूचं मूळ गाव पेणच्या खाडीकडचं. घरची माणसं मिठागरात राबणारी. एका वर्षी खाडीचा बांध फुटून मिठागर बुडालं, तेव्हा बाप बायकोमुलांना घेऊन रोह्याला आला आणि कंपनीत पहारेकरी झाला. पुढे जनूही त्याच कंपनीत शिफ्टवर लागला. गिटार त्याला एका बदली होऊन गेलेल्या इंजिनिअरने दिली होती, आणि तिच्याबरोबर रॉक गाण्यांच्या दोन-तीन कॅसेटी. त्यातला एक शब्दही जनूला कळत नव्हता. पण ते दणके त्याला ओळखीचे वाटले.

“काकी, हे मिठागरासारखं हाय,” तो म्हणायचा.

मिठाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वाफ्यांची माती पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. माणसं रांगेत उभी राहतात आणि एका वेळी टाच मारत पुढे सरकतात. लहानपणी जनू आईच्या कमरेला धरून त्या रांगेत चाललेला होता. त्या पायांच्या ठेक्यावर त्याने पहिलं गाणं बांधलं:

*तुडव गड्या तुडव, माती घट्ट कर,*
*उधाणाचं पाणी आलंय बांधावर.*

त्याचा दोस्त शिवा ड्रम वाजवायचा, आणखी एक मुलगा बेस वाजवायचा. बँडचं नाव त्यांनी ‘उधाण’ ठेवलं. मी कॉन्व्हेंटच्या प्रार्थनागृहातल्या ऑर्गनवर वाढलेली. पहिल्या दिवशी मी कानांत कापूस घातला. आठवडाभरातच कापूस काढला आणि दुपारची झोप तालमीनंतर घेऊ लागले.

चौऱ्याऐंशी साली त्यांनी पदरमोड करून गाणी रेकॉर्ड केली. मूळ टेपवरून कॅसेटी काढायचं काम दोन ठिकाणी दिलं, रोह्यासाठी रोह्यात आणि पेणसाठी पेणच्या मोरूकडे. मोरूचं कॅसेटचं दुकान गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीतच होतं. त्या पावसाळ्यात मूर्ती रंगवणाऱ्यांनी ती कॅसेट इतकी वाजवली, की पेणमध्ये पोरंटोरंही ‘तुडव गड्या’ म्हणू लागली. इकडे रोह्यात कंपनीच्या वसाहतीत तीच गाणी घुमत होती. पंचक्रोशीत जनूचं नाव झालं.

पुढच्या वर्षी पेणकरांनी कार्यक्रम ठेवला. मैदान भरलं होतं. जनूने पहिलं गाणं सुरू केलं आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागून कोणी ओरडलं, “हा नाय तो. कॅसेटवाला आणा.” थोड्याच वेळात सगळं मैदान तेच ओरडू लागलं. दुसऱ्या गाण्यालाच पडदा पाडावा लागला.

रोह्याला परत आल्यावर जनू मला म्हणाला, “काकी, पेण माझं गाव. माझ्याच गावात माझाच आवाज खोटा ठरला.”

यानंतर ‘उधाण’ मोडलं. शिवा मस्कतला गेला. गिटार पुन्हा गोणपाटात गेली.

जनूचं लग्न झालं ते पेणच्याच चंद्रावतीशी. मुलगा ‘तुडव गड्या’ गाणारा आहे, एवढं ऐकून तिने होकार दिला होता. ट्रंकेत साड्यांखाली तिची कॅसेट होती. नव्या नवरीला घेऊन जनू माझ्या पाया पडायला आला, तेव्हा चंद्रावतीने स्वतःच मला सांगितलं, “काकी, मी त्या आवाजाशी लगीन केलंय.” आम्ही सगळे हसलो. पण काही दिवसांनी जनू विहिरीवर अंघोळ करताना गुणगुणत होता, तेव्हा ती त्याला सहज विचारून गेली, “ते कॅसेटमधलं गाणं तुमीच म्हटलंत ना?”

यात वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून जनू घरात गायला नाही. चंद्रावतीनेही कॅसेट ट्रंकेतून काढली नाही. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, पण अशी एखादी गोष्ट भिंतीतल्या ओलीसारखी राहून जाते.

शहाण्णव साली शिवा मस्कतहून कायमचा परतला. त्याने चांगले ड्रम आणि अँप्लिफायर आणला होता. तो सरळ माझ्या गॅरेजकडे गेला, दार उघडलं, कोंबड्या हाकलल्या आणि जनूला निरोप धाडला. जनूने तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा तो गिटार घेऊन आला.

“एकदाच करायचं,” तो म्हणाला. “पण माझ्या आवाजात. लोकांना नको असला तर मग कायमचं नको.”

नव्या गाण्यांबरोबर ‘तुडव गड्या’ही पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं. मुंबईच्या स्टुडिओतून टेप तयार होऊन आली. बाजारात जाण्याआधी ती दोन्ही गावांच्या चाहत्यांना ऐकवावी, ही कल्पना शिवाची. एका रविवारी सकाळी माझ्या ओटीवर बैठक झाली. पेणहून मोरू आणि कारखान्यातले दोन रंगारी आले. रोह्यातर्फे कंपनीच्या बॉयलरवरचा दत्तात्रेय आणि त्याचे शिफ्टवाले आले. चंद्रावती माझ्या मदतीला पोहे करायला आली होती.

टेप लागली. ‘तुडव गड्या’ संपेपर्यंत मोरू चहा पीत होता. मग त्याने बशी खाली ठेवली.

“जनूभाऊ, राग नको मानू. ह्ये मयताचं भजन झालं. पूर्वीचा तो जोर कुठं गेला?”

“पूर्वी असंच होतं,” दत्तात्रेय म्हणाला. “उलट आता जास्त भरदार झालंय.”

“असं नव्हतं. ह्याच्यावर आमी नाचलो हाय.”

“नाचताना कान घरी ठेवून गेला असाल.”

“आणि तुमची रोह्याची माणसं कंपनीचा भोंगा ऐकून अर्धी बहिरी झालीत, त्यांनी आमाला सांगू नये.”

दोन्हीकडून आवाज चढला. पेणकरांना जुनं, धावतं, चढ्या स्वरातलं ‘उधाण’ हवं होतं. रोहेकर म्हणत होते, असलं ‘उधाण’ कधी नव्हतंच. जनू खाली मान घालून गिटारची खुंटी फिरवत बसला होता. पुन्हा मैदानात उभं राहिल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

शेवटी मी म्हटलं, “भांडता कशाला? जुनी कॅसेट असेल कुणाकडे तर लावा.”

दत्तात्रेयाने पिशवीतून आपली कॅसेट काढली. माझ्या टेपरेकॉर्डरवर ती लावली. जनूचा तरुण, जाडसर आवाज ओटीभर पसरला, शेवटी त्याचा एक खोकलाही ऐकू आला. दत्तात्रेय विजयी मुद्रेने मोरूकडे बघू लागला.

“तुमची मशीन हळू चालते, काकी,” मोरू म्हणाला. “बॅटऱ्या गेल्या असतील.”

“बॅटऱ्या नाहीत. विजेवर आहे.”

तेवढ्यात चंद्रावती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसून ती घरी गेली आणि ट्रंकेतली कॅसेट घेऊन आली. पेणची कॅसेट, मोरूच्या दुकानातली. तिने स्वतःच ती लावली.

तेच गाणं, तेच शब्द, तोच खोकला गाण्याच्या शेवटी. पण सगळं भराभर धावत होतं आणि गाणारा मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा वाटत होता. एकाच यंत्रावर या दोन कॅसेटी इतक्या वर्षांत कुणी वाजवल्याच नव्हत्या. पेणचा माणूस रोह्याला आला, की म्हणायचा यांचं यंत्र मंद आहे. रोह्याचा माणूस पेणला गेला, की म्हणायचा हॉटेलवाल्याचं यंत्र बिघडलंय. खुद्द जनूलाही पेणच्या स्टँडवर ऐकताना तसंच वाटलं होतं.

“मोरू,” शिवा सावकाश म्हणाला, “तेव्हा कॅसेटी कशावर काढल्यास?”

“माझी मशीन जपानी हाय.”

“नवी घेतली होतीस?”

“नवी कशी परवडेल. भंगारवाल्याकडची,” मोरू म्हणाला, आणि त्याच्याच लक्षात आलं. त्याच्या यंत्रावर मूळ टेप जलद फिरत होती. पेणला गेलेली एकूण एक कॅसेट त्या यंत्रातून निघाली होती.

दत्तात्रेय हसू लागला, मग रंगारीही. जनू मात्र चंद्रावतीकडे बघत होता. ती टेपरेकॉर्डरपाशी तशीच बसून राहिली होती.

“अवो,” ती म्हणाली, “म्हंजे ते तुमीच.”

“मग काय शेजारी व्हता?”

ती डोळे पुसत हसली आणि पोहे आणायला आत गेली. पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं, पण कुणी तक्रार केली नाही.

इथे प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं. पण मोरू व्यापारी माणूस. निघताना तो जनूला बाजूला घेऊन म्हणाला, “चूक झाली ती झाली. पण पेणला तीच चूक आवडते. ती मशीन अजून हाय माझ्याकडं, अजून जलदच फिरते. रोह्याला सरळ कॅसेट द्या, पेणच्या मी माझ्या मशीनवर काढतो. दोघंही खूश.”

शिवालाही ते पटलं. एवढ्या कष्टाने बांधलेलं पुन्हा पेणच्या मैदानात मोडायला नको, असं त्याला वाटत होतं. जनूने पायातल्या चपलेकडे बघितलं.

“नाय. एक गाव रडलं तरी चालेल. आवाज एकच राहील. आणि माघी गणपतीला पेणच्या त्याच मैदानात म्हणणार.”

माघातल्या त्या संध्याकाळी मी चंद्रावतीबरोबर एसटीने पेणला गेले. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत तिची आई गोदूबाई, शेजारच्या मिठागरातल्या बायकांना घेऊन बसली होती. मैदान पूर्वीसारखंच भरलं होतं. यंत्राची गोष्ट मोरूने गावभर केली होती, तरी लोकांना हवं होतं तेच हवं होतं. नव्या गाण्यांना टाळ्या पडल्या, पण त्या पाहुण्याला चहा द्यावा तशा. मग ‘तुडव गड्या’ सुरू झालं, आणि मागून पोरं ओरडू लागली, “जलद. जलद घ्या.”

शिवाच्या काठ्या जरा डळमळल्या. ठेका पुढे धावू लागला. जनूने मागे वळून हात वर केला. ड्रम थांबले, बेस थांबला. त्याने गिटारही गळ्यातून काढून ठेवली. जनूने चपला काढल्या, माइक हातात घेतला आणि नुसत्या टाचांनी स्टेजच्या फळ्यांवर ठेका धरला, एक पाय, मग दुसरा. त्या ठेक्यावर तो त्याच्या आजच्या, वयाने खाली उतरलेल्या आवाजात गाऊ लागला.

मागचा गोंगाट वाढत होता. माझ्या शेजारून चंद्रावती उठली. क्षणभर वाटलं, ती निघून जाते आहे. पण तिने पदर कमरेला खोचला आणि आईचा हात धरला.

“चल गो आय.”

दोघी रांगेपुढच्या मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या आणि टाच मारू लागल्या. पाठोपाठ मिठागरातल्या सगळ्या बायका उठल्या. हाताला हात धरून त्यांची रांग झाली आणि जमीन धमधमू लागली. मागचा एक पोरगा पुन्हा “जलद” म्हणून ओरडला, तेव्हा गोदूबाई मान न वळवता म्हणाली, “ये पुढं, तू तुडव जलद. दोन वाफ्यांत तुझी कंबर बसंल.”

पुरुषांत हशा पिकला. त्यांच्यातही निम्मे लोक हंगामात हेच करणारे होते. एकेक जण उठू लागला. पायांना ती चाल शिकवायची गरज नव्हती, ती त्यांच्या आजोबांपासून चालत आली होती. रंगाऱ्यांनी पोरांना खेचून रांगेत घातलं. तेव्हा कुठे शिवाने काठ्या उचलल्या आणि मैदानाच्या पायांबरोबर ड्रम वाजवू लागला. जनूने गिटार गळ्यात घातली आणि पहिला दणका दिला. धूळ कंदिलांच्या माळेपर्यंत चढली. मी माझ्या जागेवर बसून होते, पण माझीही टाच जमिनीवर पडत होती. रात्री डायरीत मी एवढंच लिहिलं: ‘जनूचं गाणं पेणला पोहोचलं.’

गाणं त्यांना पुन्हा म्हणावं लागलं, आणि त्यानंतर पुन्हा. मोरूने नव्या कॅसेटी सरळ चालणाऱ्या यंत्रावर काढल्या. जुन्या यंत्राचं त्याने काय केलं, हे तो सांगत नाही. पेणमध्ये अजूनही काहींना जुनी धावती कॅसेटच आवडते, आणि रोह्याचे लोक त्यांना त्यावरून चिडवतात. ते चालायचंच.

होळीच्या सुमारास जनू आणि चंद्रावती पेणहून रोह्याला येत होते. स्टँडवरच्या हॉटेलात नवी कॅसेट वाजत होती. चहा पिता पिता जनू नकळत कॅसेटबरोबर गुणगुणू लागला. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने कान टवकारले, जनूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “पोरा, तुझा आवाज थेट कॅसेटवाल्यासारखा हाय.”

जनू काही बोलणार, तोच चंद्रावती म्हणाली, “त्योच हाय तो, बाबा.”

ही गोष्ट मला तिनेच येऊन सांगितली. त्या वेळी जनू मागे गॅरेजमध्ये गात होता आणि तिला माझ्याशी जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.