ओठांनी दोरा पाहणारे मामाजी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, गळाचा दोरा डोळ्यांनी पाहत नसत, ओठांनी पाहत. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी तलावावरून आले की ओसरीवर बसायचे, नायलॉनचा दोरा ओठांत धरायचे आणि हळूहळू ओढत न्यायचे. दगडाने नाहीतर मरळ माशाच्या दातांनी जिथे ओरखडा पडला असेल, तिथे ओठ थांबत. तेवढा तुकडा कापायचा, टोकाला टोक जोडायचे, थुंकी लावून गाठ आवळायची. कोरडी गाठ आवळली की दोरा भाजतो, म्हणायचे.

मी तेव्हा नवी सून. नव्वदच्या दशकातले दिवस, आणि माझा तोरा असा की दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावणार नाही. मामाजींचा तो उष्टा दोरा खुंटीला अडकवायचा झाला तर पदराच्या टोकात धरून उचलायची, जणू साप! एकदा पदराआडून सुचवलेही, "मामाजी, बाजारातून नवाच आणा ना."

"हातभर खराब झाला, अन् सारा फेकू काऊन? लुगडं कुठी फाटलं त सारं फेकतं का तू?"

मी फणकाऱ्याने आत गेले आणि दाराच्या फटीतून ते गाठ कशी मारतात ते पाहत बसले. चोरटी मी पहिल्यापासूनच.

पुढे एका हिवाळ्यात मामाजींना लकवा मारला. हातपाय सुधारले, ओठ मात्र बधिर राहिले. पुन्हा तलावावर गेले, तर ओठांना न कळलेल्या ओरखड्यावर दोरा तुटला आणि मोठी मरळ गळासकट गेली. गळाची काठी कोपऱ्यात उभी करून म्हणाले, "आता नाई जात मी. ओठ मेले माहे." मग ताटातला भात तसाच राहू लागला.

शेवटी मीच खुंटीवरचा दोरा काढला. त्यांच्याकडे पाठ केली, पदर पुढे ओढला आणि दोरा ओठांत धरला. चव? तलावाचा चिखल आणि मामाजींची तंबाखू! जिथे ओठ अडला तिथे कापले, थुंकी लावून गाठ आवळली. मामाजींनी ती ताणून पाहिली.

"कोनं शिकवलं तुले?"

"दाराच्या फटीनं."

वाकड्या तोंडाने ते इतके हसले की ठसका लागला. सकाळी काठी घेऊन तलावावर.

मग कितीतरी वर्षे दोरा माझ्यापुढे टाकून म्हणायचे, "पाह्य बाई." मी सांगेन ते खरे.

एका पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला होता आणि मामाजींचे पाय लटपटत होते. मी दोरा ओठांतून काढला. कुठेच अडला नाही. तरी मी म्हणाले, "सारा खरबडीत झाला, मामाजी. जोडण्यासारखा नाई राह्यला."

त्यांनी दोऱ्याकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहत राहिले.

"मंग पदर काऊन इतका खाली ओढून राह्यली?"

मी पदर सावरला. मग तेच म्हणाले, "बरं. गुंडाळून ठेव." पुन्हा कधी त्यांनी दोरा मागितला नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

नात विचारते, "आजी, तुला मासे धरता येत नाहीत, मग हा दोरा कशाला?" तलाव भरला की मी तो खुंटीवरून काढते, ओठांतून ओढून पाहते. अजून कुठेच अडत नाही.