पट्ट्यांचं हृदय

हां, तर काल गुठळीवर थांबलो होतो. मेलेल्या घोड्याच्या हृदयात वीतभर पिवळी गुठळी दिसली आणि नवे डॉक्टर नाचायचेच बाकी राहिले, "सापडलं कारण! रक्तवाहिनी तुंबली!" आमच्या थोरल्या ताईने ती चिमटीत धरून ओढली. मासोळीसारखी सुळकन हातात आली. "ही मेल्यावर जमलेली, साहेब. जिवंतपणीची असती तर भिंतीला चिकटून बसली असती, घरजावयासारखी."

ताई जनावरांच्या दवाखान्यात, शवविच्छेदनाच्या खोलीत शिपाई. शिक्षण चौथी पास. हृदय उघडायची तिची एकच रीत: रक्त ज्या वाटेने जातं त्याच वाटेने सुरी. आधी उजवी बाजू, मग फुप्फुसाकडची नळी, मग डावी. म्हणायची, "घर बघायचं तर दारातून शिरावं. भिंत फोडून काय कळणार?"

एकदा मी तिचा डबा घेऊन गेलो, तर खोलीत ही गर्दी! डेअरीच्या गोठ्यातली तीन वासरं सकाळी दूध पिता पिता कोसळली होती. मॅनेजर तावातावाने बोलत होता आणि दाराशी बाटलीमामा मान खाली घालून उभा. मामा आयुष्यात दारूला शिवला नाही हो. वासरांना बाटलीने पाजायचा म्हणून हे नाव.

"यानेच नासकं दूध पाजलं," मॅनेजर म्हणाला. "तसं लिहून द्या, आजच हाकलतो याला."

मोठ्या डॉक्टरांनी पोट तेवढं बघून रजिस्टरात 'विषबाधा' लिहूनही टाकलं. खाली दोन सह्या लागायच्या: डॉक्टरांची आणि कापणाऱ्याची. ताईने पेन घेतलंच नाही.

"हृदय बघायचं राहिलंय, साहेब."

"पोटातच कळलं सगळं."

"पोटात दूध आहे. दूध प्यालेल्याच्या पोटात दूधच असणार की!"

आणि विचारत न बसता तिने सुरी चालवली. डावी बाजू उघडली तर लाल मांसात पांढुरके-पिवळे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे. मी डबा घट्ट धरला.

"लाळ-खुरकूत," ताई म्हणाली.

मॅनेजरचा चेहरा उतरला. साथीचा रोग तो, तसं लिहिलं की गोठ्यातून एक शेपूटही बाहेर न्यायची सोय नाही. डॉक्टर खेकसले, "तोंडात फोड कुठायत?"

"कोवळ्या वासरात फोड यायच्या आत हृदयच जातं. आधीच्या साहेबांनी याच टेबलावर दाखवलं होतं."

मामा पुटपुटला, "ताई, जाऊ द्या. मी सोडतो काम."

"तू गप रे! उरलेल्या वासरांना काय मॅनेजर पाजणार?"

डॉक्टरांनी फर्मावलं, "ते हृदय चुन्याच्या खड्ड्यात टाक आणि सही कर." ताईने हृदय औषधाच्या बरणीत घातलं, झाकण आवळलं आणि बरणी काखेत मारली.

पुढे ती बरणी मोठ्या प्रयोगशाळेत गेली, ताईचं म्हणणं खरं ठरलं, मामाची नोकरी राहिली. ते सगळं झालंच. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? डॉक्टर लालबुंद होऊन ओरडले, "तू डॉक्टर आहेस की शिपाई?" तेव्हा माझी बहीण बरणी न सोडता म्हणाली:

"शिपाईच आहे, साहेब. जे डोळ्यांनी बघितलं त्याच्याखालीच सही करते. न बघितलेल्याखाली करायची तर जास्त शिकावं लागतं, आणि माझी शाळा चौथीतच सुटली."